'चांगले' कोलेस्टेरॉल खरेच राखण करते का?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हृदयविकारावरचा एक तक्ता हमखास दिसतो. लाल रंगात 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, हिरव्या रंगात 'चांगले' म्हणजे एचडीएल. खाली ओळ असते : 'मधुमेहात चांगले कोलेस्टेरॉल घटते, म्हणून रक्तवाहिन्या बिघडतात.' तक्ता सुबक असतो. आमचा आक्षेप आहे तो त्यातल्या 'म्हणून' या शब्दाला.

हा 'म्हणून' तपासायची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. बहुतेकांचा मधुमेह अनेक जनुके आणि राहणीमान यांच्या मिश्रणातून होतो. काही घराण्यांत मात्र एकाच जनुकातल्या दोषामुळे तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. आई किंवा वडील यांपैकी एकात दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ साली अशा घराण्यांचे वर्णन केले. या प्रकारांना 'मोडी' म्हणतात. (आपल्या मोडी लिपीशी त्याचा काही संबंध नाही!)

यातले दोन प्रकार पाहू. पहिल्यात ग्लुकोकायनेज या विकराचे जनुक सदोष असते. हे विकर म्हणजे स्वादुपिंडातला साखर मोजायचा काटा. काटा थोडा सरकल्याने उपाशीपोटीची साखर जन्मापासून साधारण १०० ते १४५ मिलिग्रॅम राहते. रक्तातले स्निग्ध पदार्थ बहुधा निरोगी माणसासारखेच असतात. एक्सेटरच्या संशोधकांनी २०१४ साली अशा ९९ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. डोळे, मूत्रपिंडे यांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची लक्षणीय इजा त्यांच्यात १ टक्का, तर तरुणपणी नेहमीचा टाइप २ मधुमेह झालेल्यांत ३६ टक्के होती. येथे साखरही बेताची आणि स्निग्ध पदार्थही ठीक. त्यामुळे राखण कोणी केली, हे या प्रकारावरून ठरवता येत नाही.

दुसरा प्रकार त्यासाठी उपयोगी पडतो. यात यकृत व स्वादुपिंड या दोन्हींत काम करणारे एचएनएफ-१ए हे जनुक सदोष असते. वयाबरोबर इन्सुलिन कमी पडते, साखर चढत जाते. एचडीएल मात्र टाइप २ मधुमेहासारखे घटत नाही. ते चांगले भरपूर असते. तक्त्याप्रमाणे या मंडळींचे हृदय सुरक्षित राहायला हवे. प्रत्यक्षात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच घराण्यांतल्या दोष नसलेल्या नातेवाइकांपेक्षा त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू जास्त आढळले.

हा दाखला एकटा नाही. एचडीएल वाढवणाऱ्या टॉरसेट्रॅपिब या औषधाची मोठी चाचणी २००६ साली थांबवावी लागली : एचडीएल भरपूर वाढले, पण मृत्यूही वाढले. २०१२ साली असे दिसले, की केवळ एचडीएल वाढवणारा एक जनुकभेद ज्यांच्यात असतो, त्यांनाही हृदयविकाराचा झटका कमी येत नाही. एचडीएल कमी असणे ही धोक्याची खूण असू शकते. पण खूण म्हणजे कारण नव्हे. धूर पांगवून आग विझत नाही.

तक्त्याची लाल बाजू मात्र पक्की आहे. एलडीएल जन्मतःच खूप वाढलेल्या घराण्यांत हृदयविकार लवकर होतो, आणि ते औषधाने उतरवले की धोका उतरतो.

हा शब्दांचा कीस नव्हे. एचएनएफ-१ए दोष असलेला तरुण अहवालातला 'चांगला' आकडा पाहून निर्धास्त झाला आणि साखरेकडे दुर्लक्ष करू लागला, तर किंमत त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला मोजावी लागेल. शिवाय दोष ओळखला गेला, तर त्याला बरेचदा सल्फोनिलयुरियाच्या लहान मात्रेच्या गोळ्या पुरतात. पहिल्या प्रकारात तर गरोदरपण सोडल्यास सहसा औषध लागत नाही.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. तक्ता फाडू नका. हिरव्या रकान्यापुढे प्रश्नचिन्ह काढा आणि मुलांना विचारा : 'दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर एक दुसरीचे कारण आहे हे कसे तपासाल?'