बेचाळीस हा आकडा कुठून आला?

यूट्यूबवर 'गावित बहिणी' एवढं टाइप करा. लाल-पिवळ्या अक्षरांतले थंबनेल रांगेनं समोर येतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एक आकडा ठळक दिसेल: 42. कुठे 'बेचाळीस मुलांच्या मारेकरी', कुठे 'चाळीसहून अधिक बळी'. रील असो, पॉडकास्ट असो, की एखाद्या हिंदी चॅनेलचा अर्ध्या तासाचा भाग असो, आकडा तिथेच घुटमळतो. तो कुठून आला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा 31 ऑगस्ट 2006 चा निकाल वाचला तर वेगळे आकडे दिसतात. 1990 ते 1996 या काळात 13 मुलं पळवली आणि त्यांतल्या 9 जणांचा खून केला, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. हे आरोप होते, सिद्ध झालेली गोष्ट नव्हती. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या तीन पायऱ्या चढेपर्यंत सिद्ध झालेल्या खुनांची संख्या नऊहून कमीच राहिली. फाशी झाली ती या उरलेल्या गुन्ह्यांसाठी. एका लेकराच्या खुनासाठीसुद्धा ती शिक्षा झालीच असती, असं कुणी म्हणेल. मग आकड्याला एवढं महत्त्व का द्यायचं?

लासलगावच्या माणसाला हा प्रश्न पडायला नको. आमच्या बाजार समितीतून रोज कांद्याचे तीन भाव बाहेर पडतात: किमान, कमाल आणि सरासरी. बातमीत झळकतो तो कमाल. तो बहुधा एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असतो. शेतकऱ्याच्या घरी जातो तो सरासरीच्या आसपासचा भाव. 'काल एवढ्यानं गेला' असं कुणी सांगितलं की रांगेतला माणूस लगेच विचारतो, "कमाल सांगतोस का सरासरी?" लिलावाची वाट बघत त्याच ट्रॅक्टरवर बसून आपण मोबाइलवर '42 मुलं' ऐकतो, तेव्हा मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. बेचाळीस हा या प्रकरणाचा कमाल भाव आहे, आणि त्याची पावती कुणाकडेच नाही.

प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे, म्हणून थोडक्यात. अंजना गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, या गर्दीच्या ठिकाणी पाकीटमारी आणि सोनसाखळीचोरी करत. कडेवर मूल असलं की पकडल्यावर लोकांना दया येते, म्हणून त्या गरिबांची लहान मुलं पळवत आणि निरुपयोगी झाली की मारून टाकत. अंजनाला सोडून गेलेल्या नवऱ्यानं नाशिकमध्ये दुसरा संसार मांडला होता. त्या घरातली एक मुलगीही या मालिकेत गेली. 1996 च्या अखेरीस त्याच घरातली दुसरी मुलगी पळवण्याचा बेत होता आणि तिथेच या तिघी पोलिसांच्या हाती लागल्या. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. खटला उभा राहण्याआधीच, 1997 मध्ये, अंजना कैदेत मरण पावली. 2001 मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली.

म्हणजे हे मुळात एका कुटुंबाचं प्रकरण आहे. मारणाऱ्या तिघी एका घरातल्या, माफीचा साक्षीदार त्याच घरातला, आणि प्रकरण उघडकीला आलं ते दुसऱ्या एका घराशी असलेल्या जुन्या वैरामुळे. चर्चेत हे सगळं गळून पडतं आणि उरतो फक्त एक प्रश्न: बाई एवढी क्रूर कशी असू शकते?

आपल्या सार्वजनिक चर्चेवर माझा पहिला आक्षेप हाच आहे. हा प्रश्न विचारला की उत्तर शोधावं लागत नाही. 'राक्षसीण' म्हटलं की विषय संपतो. त्याच कागदपत्रांतून उठणारा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: सहा वर्षं वेगवेगळ्या शहरांतून मुलं नाहीशी होत होती, तर दोन पोलीस ठाण्यांमध्ये त्याची एकमेकांशी सांगड का लागली नाही? मुलं बहुतेक गरिबांची होती. स्टँडवर, देवळाबाहेर, जत्रेत हरवलेली. अशा आईबापाची तक्रार वहीत किती जोरात लिहिली जाते, हे आपल्याला माहीत आहे. नाशिकच्या त्या घरात जुनं वैर नसतं, संशय घ्यायला ओळखीचं नाव नसतं, तर ही मालिका कधी थांबली असती? रीलमध्ये याला जागा नसते, कारण याचा चेहरा थंबनेलवर लावता येत नाही.

दुसरा आक्षेप 2019 च्या 'पोशम पा' या हिंदी चित्रपटाबद्दल. दिग्दर्शक सुमन मुखोपाध्याय; सयानी गुप्ता, माही गिल आणि रागिणी खन्ना मुख्य भूमिकांत; प्रदर्शन झी फाइव्हवर. नावं बदललेली आहेत, पण प्रेरणा कोणती हे लपलेलं नाही. दोन माहितीपट बनवणारे तरुण तुरुंगात जाऊन बहिणींना बोलतं करतात, अशी त्याची रचना आहे. चित्रपट सवंग नाही. आई आणि मुली यांच्यातली जबरदस्ती, मार आणि भीती तो गांभीर्यानं बघतो. सयानी गुप्ताचं काम लक्षात राहतं. 'राक्षसीण' या शब्दापलीकडे जाण्याचा प्रयत्न या प्रकरणावरच्या चर्चेत कुणी केला असेल तर तो इथे आहे.

अडचण आहे ती तारखेत. 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, त्यानंतर बहिणी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि फाशी थांबली. 2019 मध्ये ती याचिका प्रलंबित होती. दोघी येरवड्यात होत्या, जगणार की मरणार हे ठरायचं होतं. अशा वेळी पडद्यावर त्यांच्या तोंडी कबुलीजबाब येतात, आठवणी येतात, आईबद्दलचा द्वेष येतो. ही वाक्यं पटकथाकारानं लिहिलेली आहेत. मुलाखतीचा साचा वापरल्यामुळे मात्र ती साक्षीसारखी ऐकू येतात. कादंबरीनं हे केलं तर वाचक ते कल्पित म्हणून घेतो. कॅमेऱ्यासमोर बसून बोलणाऱ्या कैद्याचं दृश्य बघताना ती सावधगिरी सुटते. पुढे कित्येक व्हिडिओंत चित्रपटातला तपशील आणि खटल्यातला तपशील एकमेकांत मिसळून गेलेला दिसतो, त्याचं मूळ या साच्यात आहे.

मग कागद बघावेत. ते आहेत कुठे?

वरिष्ठ न्यायालयांचे निकाल आता फोनवर मिळतात. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल मराठी भाषांतरातही उपलब्ध होऊ लागले आहेत. पण निकाल हा निष्कर्ष असतो. साक्षीदार काय म्हणाला, उलटतपासणीत कुठे अडखळला, पंचनाम्यात काय सापडलं, हे खालच्या कोर्टाच्या नस्तीत असतं. ती नस्ती कुणी लाखेनं मोहोरबंद केलेली नाही. पण खटल्याशी संबंध नसलेल्या माणसाला ती हवी असेल तर अर्ज करावा लागतो, कारण सांगावं लागतं, आणि ते कारण न्यायालयाला पटावं लागतं. माहिती अधिकाराचा रस्ता इथे चालत नाही: 4 मार्च 2020 रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, न्यायालयीन नोंदी हव्या असतील तर त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांनीच मागाव्यात. कायद्यानं उघडं आणि व्यवहारात बंद असं हे दार आहे. त्या दारापर्यंत जायला वेळ लागतो, आणि आठवड्याला तीन व्हिडिओ टाकणाऱ्याकडे वेळ नसतो.

त्या नस्तीत काय असतं याचा एक नमुना माफीच्या साक्षीदाराचा. पुरावा कायद्यात अशा साक्षीबद्दल जुनी सावधगिरी आहे. गुन्ह्यात सामील असलेला माणूस स्वतःला वाचवण्यासाठी बोलत असू शकतो, म्हणून महत्त्वाच्या मुद्द्यांवर त्याच्या सांगण्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवा. मृतदेहाची ओळख, हॉटेल-लॉजच्या नोंदी, मुलाला त्यांच्यासोबत पाहिलेला माणूस, असं काहीतरी. अशा खटल्यांत आरोपांची संख्या वरच्या कोर्टापर्यंत घटते ती बहुधा या चाळणीमुळे. व्हिडिओवाला मात्र घटलेला आकडा सोडून देतो आणि चाळणीआधीचा, किंबहुना चाळणीत कधीच न पडलेला, आकडा उचलतो.

आपल्या राज्याला हा वाद नवा नाही. 1964 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'ब्लिट्झ'चे संपादक रुसी करंजिया यांच्यावर कृष्णराज ठाकरसींनी लावलेला बदनामीचा दावा चालू होता. एका साक्षीदारानं विनंती केली की माझी साक्ष छापली तर माझ्या धंद्याचं नुकसान होईल. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ती छापू नये असा तोंडी आदेश दिला. पत्रकार नरेश मिरजकर आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1966 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं आठ विरुद्ध एक अशा मतांनी तो आदेश टिकवला. बहुमताचा मुख्य निकाल सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांचा, आणि एकटं विरोधी मत न्यायमूर्ती हिदायतुल्लांचं. गंमत अशी की पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत सगळ्यात आदरानं घेतलं जाणारं एक नाव याच तारकुंडेंचं होतं. साक्ष झाकणं म्हणजे दर वेळी काही लपवणंच असतं असं नाही, आणि उघड करणं म्हणजे न्यायच असतो असंही नाही, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

अलीकडचं उदाहरण शीना बोरा प्रकरणाचं. तोही एका कुटुंबातला खुनाचा आरोप. 2024 च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवर 'द इंद्राणी मुखर्जी स्टोरी: बरीड ट्रुथ' ही मालिका येणार होती. खटला सुरूच होता. साक्षीदारांवर परिणाम होईल म्हणून सीबीआयनं ती रोखण्याची मागणी केली. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका आधी स्वतः पाहिली, तपासाला बाधा येईल असं काही सापडलं नाही म्हणून 29 फेब्रुवारीला याचिका फेटाळली, आणि मालिका आली. निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. पण आरोपी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून आपली बाजू मांडते आणि मेलेली मुलगी फक्त फोटोंतून दिसते, ही असमानता न्यायालय दुरुस्त करू शकत नाही. ते काम समीक्षेचं आहे, आणि मालिका आल्यावर आपण केलं काय, तर 'ती खरं बोलते की खोटं' यावर पोल घेतले.

गावित प्रकरणात खऱ्या अर्थानं बंद राहिलेली एक फाइल होती. ती कोर्टातली नव्हती. 2006 ला सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केली. दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला 7 वर्षं, 10 महिने आणि 15 दिवस लागले. जानेवारी 2014 मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं होतं की, कारण नसताना झालेला असा विलंब फाशीचं रूपांतर जन्मठेपेत करायला पुरेसा आहे. 18 जानेवारी 2022 रोजी न्यायमूर्ती नितीन जामदार आणि सारंग कोतवाल यांच्या खंडपीठानं बहिणींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गुन्ह्याच्या क्रौर्याबद्दल त्या निकालात कसलीही सौम्यता नाही, आणि तत्काळ सुटकेची मागणीही मान्य झाली नाही. ठपका आहे तो राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीवर. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिली आणि ज्या शिक्षेसाठी सरकारनं तीन न्यायालयांत वकील उभे केले, ती सरकारच्याच हातून निसटली.

फाशीच्या बाजूनं असा किंवा विरोधात, हा भाग दोघांच्याही रागाला पात्र आहे. एका बाजूला मेलेल्या मुलांचे आईबाप, त्यांना कुणी एवढी वर्षं काय चाललंय हे सांगितलं नाही. दुसऱ्या बाजूला दोन कैदी, जवळजवळ आठ वर्षं रोज उद्याचा दिवस असेल का या प्रश्नात. आणि मधे एक फाइल. याच काळात मथळे येत होते, 'स्वतंत्र भारतात फाशी जाणाऱ्या पहिल्या महिला'. ते कधीच खरे झाले नाहीत, तरी आजही काही व्हिडिओंची नावं तीच आहेत.

या प्रकरणावर बोलूच नये असं मी म्हणत नाही. बोललं पाहिजे, पण तीन गोष्टी लक्षात ठेवून. आरोप, सिद्ध झालेलं आणि ऐकीव यांतला फरक प्रत्येक वाक्यात दिसला पाहिजे. मुलांची नावं, फोटो, त्यांच्या शेवटच्या क्षणांचं वर्णन ही भूक वाढवणारी सामग्री नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, ते याच कारणासाठी. आणि कॅमेरा अधूनमधून तरी त्या घरातून बाहेर काढून पोलीस ठाण्याकडे आणि मंत्रालयाकडे वळवला पाहिजे.

राक्षसिणीची गोष्ट ऐकून झोप उडते, पण ऐकणाऱ्यावर काही जबाबदारी पडत नाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आज आपल्या तालुक्याच्या ठाण्यात कशी लिहिली जाते, ती शेजारच्या जिल्ह्याला कधी कळते, हे विचारलं तर पडते. पुढच्या वेळी कुणी बेचाळीस म्हणालं, तर निदान एवढं विचारा: कमाल सांगतोस, का सरासरी?