‘आज्ञापत्रा’तील टोपीकर आणि ‘तैनाती’ हा शब्द

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले ‘आज्ञापत्र’ (सुमारे १७१५) राजनीतीचा ग्रंथ म्हणून पुष्कळ वाखाणले गेले. त्याच्या शब्दयोजनेकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. साहूकारांविषयीच्या प्रकरणाचे सामर्थ्य एका भेदात आहे. साहूकार ही राज्याची शोभा, त्यांस आश्रय द्यावा, असे सांगत असतानाच ग्रंथकार टोपीकरांना त्या वर्गातून वेगळे काढतो. इंग्रज, फिरंगी, वलंदेज, फरांसीस व्यापार करीत असले तरी त्यांतील प्रत्येकाच्या पाठीशी एक राजा उभा आहे, हे त्याचे कारण होय. मोगलांच्या आक्रमणातून नुकत्याच निभावलेल्या राज्याच्या अमात्याला ही पारख असावी, यात नवल नाही.

उपाय मात्र तितका खोल नाही. वखारीस खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, द्यावयाचीच तर किनाऱ्यापासून आत द्यावी, इमारती ठेंगण्या असाव्यात, असा त्याचा रोख आहे. धोका समुद्राकडून येणार हे येथे गृहीत धरले आहे. ते गृहीत किती अपुरे होते, हे शिरूरवरून दिसते. निमोणे ज्या तालुक्यात मोडते, त्याचे हे मुख्य ठिकाण घोड नदीच्या काठी, सह्याद्रीच्या पुष्कळच पूर्वेस आहे. इंग्रजांची छावणी तेथे पडली ती ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर, म्हणजे पेशव्याच्याच संमतीने.

या फौजेला मराठीत ‘तैनाती’ हे विशेषण रूढ झाले. मूळ अरबी, फारसीवाटे आलेला हा शब्द चाकरीचा आहे. ‘तैनात’ म्हणजे नेमणूक, तसेच नेमणुकीचे वेतन. दरबारी कागदांतील ‘तैनातजाबता’ याच अर्थाचा. तैनात देणारा धनी, घेणारा चाकर. वसईच्या तहाने सहा हजार पायदळाच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख पेशव्याने तोडून दिला. त्या अर्थी शब्द खरा. पण अन्य सत्तांशी स्वतंत्रपणे बोलणे करण्याचा अधिकारही त्याच तहाने गेला. त्या अर्थी तो सर्वस्वी फसवा. (छावणीतील तुकडी कोरेगावकडे निघाली ती ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, तहास त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती.) ‘साहूकार’ शब्दाविषयी ‘आज्ञापत्रा’ने जी दक्षता दाखविली, ती ‘तैनाती’च्या वाट्यास आली नाही.

हा दोष केवळ दुर्बळ पक्षाच्या भाषेत आढळतो असे मात्र नाही. मराठे स्वतः प्रबळ होते तेथे त्यांचीही भाषा अशीच झाकपाक करते. ‘मुलूखगिरी’चा मूळ फारसी अर्थ मुलूख हस्तगत करणे, काठेवाडात खंडणीसाठी वारंवार जाणाऱ्या स्वारीचे ते नेहमीचे नाव होऊन बसले. शेजारच्या लहान संस्थानिकांवर फौज चालून जात आहे, हे त्या सरावलेल्या शब्दात जाणवेनासे झाले. १८०७ मध्ये ती खंडणी वॉकर याने ठरवून दिली, म्हणजे तेथेही निवाडा इंग्रजांकडे गेला.