कॅनर यांचा निबंध आणि आईबापांची साक्ष

लिओ कॅनर यांचा 1943 सालचा निबंध स्वमग्नतेवरील आद्य लेखनांत गणला जातो. वैद्यकाचे विद्यार्थी तो चाळतात. वाङ्मय म्हणून त्याकडे सहसा कोणी वळत नाही, आणि हे बरे नव्हे. कारण बाल्टिमोरच्या या डॉक्टरांनी वर्णिलेल्या 11 मुलांच्या हकीकतींतील पुष्कळसा जिवंत भाग आईबापांनी पुरविलेला आहे. पहिल्या मुलाच्या वडिलांनी तर भेटीस येण्यापूर्वीच टंकलिखित 33 पानांची हकीकत धाडली होती.

या आईबापांनी काय पाहिले? व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेसण्याचे यंत्र, वाहते पाणी, फार काय, नुसता वाराही मुलास भयाने व्याकूळ करी. एक मूल, ज्या कपाटात तो क्लीनर ठेवीत, त्याच्या जवळपासही फिरकत नसे. (आपल्याकडील वाचकांनी तेथे कुकरची शिट्टी कल्पावी.)

हीच मुले स्वतः मात्र तितकाच मोठा आवाज आनंदाने करितात, हे कॅनर यांनी अचूक टिपले आहे. परंतु त्यावरून ते ठरवितात की, भीती आवाजाची नव्हेच. मुलाच्या एकांतावर होणाऱ्या आक्रमणाची ती आहे. हे मला पटत नाही. आपण केलेला आवाज केव्हा थांबणार हे करणाऱ्यास ठाऊक असते. अवचित आदळणाऱ्या आवाजाविषयी ती सोय नसते. एवढ्यावरून कानाची वेदना खोटी कशी ठरते?

याहून खटकतो तो निबंधाचा शेवट. ही अवस्था जन्मजात मानूनही, खरोखर मायाळू आईबाप यांत फार थोडे, असा शेरा कॅनर मारतात. आणि त्यांची तपशीलवार टिपणेच त्यांच्या मनोग्रस्ततेचा पुरावा म्हणून पुढे करितात. ज्या साक्षीवर निबंध उभा, तीच साक्षीदारांवर उलटविली! बेटेलहाइम यांनी 1967 साली आईबापांवरील आरोप ग्रंथभर विस्तारला. त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क या इंग्रजीच्या अध्यापिकेचे 'द सीज' हे आपल्या मुलीविषयीचे पुस्तक निघाले. टिपणांचा बारकावा तेथेही आहे. पण तो मायेचा आहे, हे कोणाही वाचकास कळते.

इंद्रियांच्या अतितीव्र अथवा अतिमंद प्रतिसादास अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेने स्वमग्नतेच्या लक्षणांत स्पष्ट स्थान दिले ते 2013 साली, तिच्या पाचव्या आवृत्तीत. कपाटाची ती हकीकत छापून तेव्हा 70 वर्षे लोटली होती.