दुर्बल प्रभार-स्थानांतर संकुले आणि बेनेसी-हिल्डेब्रँड पद्धती : एक चिकित्सा

कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये जांभळे दिसणारे आयोडीन बेंझिनमध्ये लालसर दिसते. १९४९ मध्ये बेनेसी व हिल्डेब्रँड यांनी बेंझिन-आयोडीन द्रावणात २९७ नॅनोमीटरजवळ तीव्र शोषणपट्टा नोंदविला. हा पट्टा ना एकट्या बेंझिनचा, ना एकट्या आयोडीनचा. १९५२ मध्ये मलिकन यांनी त्याचे सैद्धांतिक स्पष्टीकरण दिले. प्रकाश शोषताना दात्याकडील इलेक्ट्रॉन ग्राहीकडे जातो. म्हणून पट्ट्याची ऊर्जा दात्याची आयनन ऊर्जा व ग्राहीची इलेक्ट्रॉन आसक्ती यांवर अवलंबून असते.

पट्ट्याच्या स्थानाविषयीचे हे विवेचन आजही भक्कम आहे. प्रश्न आहे तो त्याच वर्णपटावरून काढल्या जाणाऱ्या साम्यस्थिरांकाचा. बेनेसी-हिल्डेब्रँड आलेखात दात्याच्या संहतीचा व्यस्तांक आडव्या अक्षावर घेतात. सरळ रेषेचा छेद मोलर शोषणांकाचा व्यस्तांक देतो, तर चढ साम्यस्थिरांक व शोषणांक यांच्या गुणाकाराचा व्यस्तांक देतो.

बेंझिन-आयोडीन संकुलाचा स्थिरांक सुमारे ०.१५ लिटर प्रति मोल आहे. दात्याची संहती ०.१ ते ०.५ मोलर ठेवल्यास जेमतेम १.५ ते ७ टक्के आयोडीन संकुलित होते. केवळ या दोन टोकांच्या बिंदूंतून रेषा काढली आणि त्यांत परस्परविरुद्ध दिशांनी २ टक्के चूक झाली, तर चढ सुमारे ३ टक्क्यांनी बदलतो. छेद मात्र सुमारे ७० टक्क्यांनी! म्हणजे प्रयोगातून विश्वसनीयपणे हाती येतो तो केवळ गुणाकार. त्याची फोड करून दिलेला स्थिरांक बव्हंशी प्रयोगदोषाचाच आकडा ठरतो. रेषा सरळ आली, हा त्याच्या अचूकतेचा पुरावा नव्हे.

संहती वाढविणे हा उपाय वरकरणी सोपा वाटतो. परंतु शुद्ध बेंझिनची संहतीच सुमारे ११ मोलर आहे. तेथेही या स्थिरांकानुसार संकुलन ६३ टक्क्यांच्या आसपास थांबते. शिवाय तोवर द्रावकच बदललेला असतो आणि आदर्श द्रावणाचे गृहीतक टिकत नाही.

१९५७ मध्ये ऑर्गेल व मलिकन यांनी आणखी मूलगामी मुद्दा मांडला. स्थिर संकुल नसतानाही केवळ क्षणिक संपर्कातून प्रभार-स्थानांतर शोषण संभवते. अशा वेळी छेद शून्याकडे झुकतो. पट्टा दिसला म्हणजे संकुल सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही.

तेव्हा दोष वर्णपटाचा नसून त्यावर लादलेल्या अपेक्षेचा आहे. संकुलनाचे प्रमाण अत्यल्प असेल तेथे गुणाकार व त्याची त्रुटिमर्यादा देणे, आणि स्थिरांकासाठी उष्णतामापनासारख्या स्वतंत्र पद्धतीचा पडताळा घेणे, हेच शास्त्रीय सचोटीला धरून होईल. पदव्युत्तर प्रयोगशाळेतही सरळ रेषा काढण्याइतकेच छेदावर किती विसंबावे हे शिकविणे अगत्याचे आहे.