कलेचे मानवशास्त्र

कलावस्तू ज्या समाजात निर्माण होते, त्याची नातेव्यवस्था, विधी, श्रद्धा व देवघेव यांच्या संदर्भात तिचा अर्थ लावणारी मानवशास्त्राची शाखा. एका संस्कृतीत घडलेली वस्तू दुसऱ्या संस्कृतीतील प्रेक्षकास कितपत कळू शकते, हा तिच्यातील मूळ प्रश्न होय.

एकोणिसाव्या शतकातील उत्क्रांतिवाद्यांनी आदिवासी कला ही विकासाची आरंभीची पायरी मानली. फ्रान्झ बोआस (१८५८–१९४२) यांनी प्रिमिटिव्ह आर्ट (१९२७) या ग्रंथात हे मत खोडून काढले. कसबावरील प्रभुत्वातून आकाराची जाण उद्‌भवते आणि सौंदर्यदृष्टी सर्व समाजांत आढळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि आकाराचा आस्वाद म्हणजे अर्थबोध नव्हे.

पापुआ न्यू गिनीतील न्यू आयर्लंड बेटाच्या उत्तर भागातील मलंगन हे याचे बोलके उदाहरण आहे. मृतांच्या स्मरणार्थ होणारा विधी व त्यासाठी कोरलेल्या रंगीत काष्ठप्रतिमा या दोहोंना ही संज्ञा लावतात. विधीत अल्पकाळ मांडलेली प्रतिमा पुढे जाळीत, कुजू देत वा परकीयांना विकीत. टिकते ती तिची स्मृती आणि तशी प्रतिमा पुन्हा घडविण्याचा हक्क; तो विधीप्रसंगी हस्तांतरित होतो. संग्रहालयात काचेआड जपलेली प्रतिमा ही त्या समाजाच्या दृष्टीने कार्य संपलेली वस्तू ठरते.

ॲल्फ्रेड जेल (१९४५–९७) यांनी आर्ट अँड एजन्सी (१९९८) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मलंगनचा आधार घेऊन, कलावस्तू काय दर्शविते यापेक्षा ती माणसामाणसांत काय घडवून आणते, यावर भर दिला. ही भूमिका मर्मग्राही असली, तरी अपुरी वाटते. एकाच विधीसाठी घडविलेल्या दोन वस्तूंपैकी एक सरस का, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी बोआस यांच्या कसबविचाराकडे वळावे लागते.

महाराष्ट्रातील वारली चित्रांबाबत या दोन्ही दृष्टींची कसोटी लागते. लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात. त्यात पालघट देवीची आकृती असते व त्यावाचून विवाह पूर्ण होत नाही. १९७० नंतरच्या दशकात कागद आला आणि जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांच्यासारखे पुरुष चित्रकार स्वतःच्या नावाने पुढे आले. चौकाला नुसती नक्षी समजणे जसे चूक, तसेच कागदावरील चित्राला भ्रष्ट चौक म्हणणेही चूकच होय. एकात विधीचे सामर्थ्य आहे, दुसऱ्यात व्यक्तीचे कर्तृत्व. दोहोंचे मूल्यमापन ज्याच्या त्याच्या प्रयोजनानुसारच केले पाहिजे.