मनाचे श्लोक : श्रोता कोण?

समर्थ रामदासांच्या 'मनाच्या श्लोकां'ना कोरा उपदेश म्हणणारे टीकाकार त्यांतील संबोधन विसरतात, असे आम्हांस वाटते. या २०५ श्लोकांत कवी वारंवार हाक मारितो ती मनाला, आणि तीही 'सज्जन' म्हणून. भुजंगप्रयाताचा एकसुरी ठेका, कित्येक सलग श्लोकांत तोच राहणारा चौथा चरण, यांचा काव्य म्हणून कंटाळा येतो खरा. पण त्याच वाटेने पुनःपुन्हा धावणाऱ्या मनाला दुसरे काय ऐकवावे? म्हणणारा स्वतःलाच समजावीत असल्याने दुसऱ्यास शिकविल्याचा अहंकार धरावयास जागा नाही. देवळांतील पाठांतरस्पर्धांत मात्र हेच श्लोक परीक्षकांना ऐकविले जातात, आणि कोणाचे किती पाठ, यावर बक्षीस ठरते! त्यापेक्षा सायंआरतीनंतर रोज पाचच श्लोक मुलांकडून सावकाश म्हणवून घ्यावेत.