गेन आणि फेडर: ‘दोन्ही आवाजच वाढवतात’ म्हणणाऱ्यांसाठी

ऑडिओ एडिटिंगचा कुठलाही ट्युटोरियल लावा, पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास येतं: ‘गेन काय, फेडर काय, दोन्ही आवाजच वाढवतात.’ वाक्य खोटं नाहीये. पण याच वाक्यावर विसंबून मी बेडकांच्या आवाजांचा अख्खा डेटा चुकीचा मोजला होता, म्हणून ही चिडचिड.

फरक आहे तो जागेचा. रीपर, प्रो टूल्ससारख्या प्रोग्राममध्ये क्लिपचा गेन इफेक्टच्या आधी लागतो आणि ट्रॅकचा फेडर इफेक्टनंतर. मध्ये इफेक्टच नसेल, तर कुठूनही वाढवा, सारखंच. पण मध्ये कॉम्प्रेसर असेल तर?

समजा, थ्रेशोल्ड −20 डीबी, रेशो 4:1. एक बेडूक −24 वर ओरडतोय, दुसरा −30 वर. दोघंही थ्रेशोल्डच्या खाली, म्हणजे कॉम्प्रेसर गप्प. आता फेडर 12 डीबी वर घ्या: −12 आणि −18. अंतर तेच, 6 डीबी. त्याऐवजी गेन 12 ने वाढवला, तर दोन्ही आवाज थ्रेशोल्ड ओलांडून आत शिरतात आणि बाहेर पडतात −18 आणि −19.5 वर. अंतर उरलं दीड डीबी! कानाला वाटतं, ‘छान, आवाज वाढला.’ मी तर ‘दोन्ही बेडूक जवळपास सारखेच मोठ्याने ओरडतात’ असं चक्क लिहूनही ठेवलं होतं. लेक्चर रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं टेम्प्लेट वापरल्यामुळे ट्रॅकवर कॉम्प्रेसर आधीपासूनच बसलेला होता, आणि मी तो बघितलाच नाही.

गोंधळात नावांचाही हात आहे. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या डावीकडची पट्टी वर्षानुवर्षं ‘गेन’ या नावाने होती. ती सरकवली तरी वेव्हफॉर्म हलत नाही, फक्त ऐकू येणारा आणि एक्सपोर्ट होणारा आवाज बदलतो. म्हणजे काम फेडरचं, पाटी गेनची. खुद्द सॅम्पल बदलतो तो ‘ॲम्प्लिफाय’. मॅन्युअल न वाचणाऱ्याला (म्हणजे आपल्या सगळ्यांना) हे कळणार कसं?

रेकॉर्डरवरचा गेन ही आणखी वेगळी भानगड. तिथे जास्त ठेवून आवाज क्लिप झाला, तर नंतर फेडर कितीही खाली ओढा, कापलेली शिखरं परत येत नाहीत. नुसतं सपाट डोकं हळू आवाजात ऐकू येतं.

मग सगळ्या फाइल्स पुन्हा उघडल्या, कॉम्प्रेसर काढला, मोजमाप नव्याने केलं. तीन आठवडे गेले. गाईडनी मेथड्समध्ये एक ओळ घालायला लावली: ‘सर्व पातळ्या इफेक्टच्या आधीच्या सिग्नलवर मोजल्या आहेत.’